क्रूसापासून निघालेली पावलं

१

समुद्राकाठच्या पेद्रा टोकावर मी खराटा मारायचे तो स्वच्छतेसाठी, असं पाहुण्यांना वाटायचं. बायका तर कौतुक करायच्या, एवढ्या वाळवंटात काय ही टापटीप म्हणून. मी नुसती मान डोलवायचे. कुणाकुणाला समजावत बसणार?

आम्ही दामारा लोक संध्याकाळी अंगण झाडतो ते सकाळी वाचायला. वाळू सपाट करून ठेवायची, आणि पहाटे कुणाचा पाय पडायच्या आत थोरल्या माणसानं उठून बघायचं. साप गेला, कोल्हा आला, की घरातली पोरगी चोरून बाहेर पडली, सगळं तिथं लिहिलेलं असतं. माझ्या आईनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला, गॉटलीबला, अक्षरांच्या आधी माग शिकवला. खेळच होता तो. एकानं दुसऱ्या कुणाच्या चालीनं चालून दाखवायचं आणि दुसऱ्यानं चूक काढायची. टाच उथळ पडली. बाबा एवढी लांब ढांग टाकत नाहीत. परत चाल. चूक दिसली की तोंडानं सांगायची, गप्प बसलं तर आईची चापट. ती सवय माझ्या हाडात गेली ती गेलीच.

क्रूसाभोवती साखळीचं कुंपण होतं. आतली गोल जागा मी रोज पाच वाजता, शेवटची गाडी गेली की झाडायचे. पाचशे वर्षांपूर्वी कुठलेसे खलाशी तिथं उतरले, गोडं पाणी शोधलं, मिळालं नाही, म्हणून दगडी क्रूस रोवून निघून गेले. तो क्रूसही पुढं दुसऱ्याच लोकांनी जहाजात घालून नेला. आता उभा आहे तो त्याच्यावरून बेतलेला. पाहुणे विचारायचे, "खरा कुठाय?" मी सांगायचे, "नेला." मग त्यांचे चेहरे पडायचे. फोटो मात्र सगळे काढायचे.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी धुकं असं होतं की कुंपणाची साखळी हाताला लागली तेव्हाच दिसली. आत सात पावलं होती. अनवाणी. क्रूसाच्या चौथऱ्यापासून निघालेली आणि साखळीच्या अलीकडं थांबलेली. आत येणारं एकही नाही, परत जाणारंही नाही.

आणि सातही पावलं डाव्या पायाची होती.

२

आधी मला हसू आलं. कुणीतरी एका पायाचा साचा करून उमटवत गेलं होतं आणि उजवा विसरलं होतं. मग मी खाली बसून नीट बघितलं आणि हसू गेलं. करंगळी नव्हती.

गॉटलीबच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. बोटीवर काम करायचा तेव्हा दोरात सापडून तुटली होती. चार वर्षांपूर्वी क्रूसाच्या खालच्या खडकांवर तो गळ टाकून बसला होता, तिथून तो नाहीसा झाला. गळ सापडला, डबा सापडला, तो नाही. समुद्रानं नेलं असं पोलिसांनी लिहिलं. आईनं ते कधीच मानलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी दिवसभर दाराशी खुर्ची टाकून कान देऊन बसायची.

त्या दिवशी त्याच्याबरोबर फक्त फेस्टस होता. फाटकावरचा पहारेकरी. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मला आउसी म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. गळाला लावायचं आमिष आणायला मी गाडीकडं गेलो आणि परत येईतो गॉटलीब नव्हता, असं तो सांगायचा. तेव्हापासून तो आईसाठी रेडिओचे सेल आणायचा, पाण्याचे डबे वाहायचा. एवढी साखरपेरणी कुणी उगाच करतं? कुठंतरी पाणी मुरतंय असं मला चार वर्षं वाटत होतं, आणि मी ते लपवतही नव्हते.

मी तडक फाटकावर गेले.

"फेस्टस, बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि पाय दाखव."

"आउसी, सकाळी सकाळी काय घेतलंयस तू?" पण त्यानं काढले बूट. दहाही बोटं जागेवर, आणि एकेक पाय पावाच्या लादीएवढा.

"मग साचा कुठं लपवलास?"

"कसला साचा?"

मी त्याला ओढत क्रूसापाशी आणलं. तो साखळीवरून वाकून बघत राहिला. शहरात मासळीच्या कारखान्यात वाढलेला माणूस, त्याला माग म्हणजे नुसती खाचखळगी. पण करंगळीचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "हे पुसून टाक," एवढंच म्हणाला आणि मागं न बघता फाटकाकडं गेला. त्याच्यावरचा माझा संशय त्यानं आणखी पक्का झाला.

एकटी उरले तेव्हा माझा राग उफाळून आला. मेलेल्या माणसाची अशी थट्टा? मी धुक्यात मोठ्यानं म्हणाले, "दोन्ही डावे? गॉटलीबला उजवा पायही होता, मूर्खा. आणि तो उजवा पाय जरा ओढत चालायचा, टाच घासायची त्याची."

मग सगळं झाडून टाकलं.

३

बुधवारी बारा पावलं. डावा, उजवा, डावा, उजवा. प्रत्येक उजव्या टाचेमागं बोटभर घासल्याची रेघ.

दचकले, खोटं कशाला बोलू. पण डोकं ठिकाणावर होतं. मी ओरडले ते फेस्टसनं ऐकलं असणार. फाटक तीनशे पावलांवर, वारा त्याच दिशेचा. पहाटे माझ्या आधी येऊन उमटवलं असणार. येताना-जातानाचे ठसे कसे नाहीत, ते मात्र माझ्याच्यानं उलगडेना. फळी टाकली असेल. फळीचीही खूण पडते, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी मी त्याच्याकडं कानाडोळा केला.

मी त्याला सापळा लावला. दुपारी चहा घेऊन फाटकावर गेले आणि गोड आवाजात गॉटलीबच्या आठवणी काढल्या. "अंगठे आत वळवून चालायचा बघ तो, बदकासारखा," मी म्हणाले. साफ थाप होती.

"असेल," फेस्टस म्हणाला. "मी कधी त्याच्या पायांकडं बघितलं नाही. आउसी, तू चहा आणलास म्हणजे तुला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय."

"साखर घाल आणि गप पी."

आता अंगठे आत वळले की चोर सापडला. अशी खूश होऊन मी संध्याकाळी झाडायला गेले. त्या बारा पावलांवर खराटा फिरवताना, आणि हे मी आईची शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही, निव्वळ सवयीनं, माझ्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघालं, "डावा खोल पडायला हवा. माशांचं पोतं डाव्या खांद्यावर असायचं आयुष्यभर." आजूबाजूला कुणी नव्हतं. फेस्टस पाहुण्यांच्या शेवटच्या गाडीशी हुज्जत घालत होता, त्याचा आवाज मला फाटकावरून ऐकू येत होता.

गुरुवारी अंगठे सरळ होते. डावा पाय खोल पडला होता.

मी तिथंच वाळूत बसले. फेस्टसला जे सांगितलं ते उमटलं नव्हतं. जे फक्त क्रूसापाशी बोलले, ते उमटलं होतं. सापळा मी लावला होता आणि त्यात मीच अडकले होते. तोपर्यंत मला राग होता, तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आणि खालची पावलं बघताना तोंडावर आलेलं पुढचं वाक्य, बोटं कशी पसरायची ते, मी हातानं दाबून धरलं.

४

त्यानंतर मी क्रूसापाशी अवाक्षर काढलं नाही. खराटाही घरात आणून ठेवला. पण तिकडची जमीनच तशी, खारट पापुद्र्याची, की झाडलं नाही तरी पाऊल उमटतंच. शुक्रवारी पावलं साखळीच्या बाहेर आली होती. शनिवारी मिठाच्या पट्ट्यापर्यंत. रविवारी पाहुण्यांच्या मोटारी लागतात तिथपर्यंत, म्हणजे आमच्या घराच्या अर्ध्या वाटेवर. रोज ती मध्येच थांबायची. उडी मारल्याची खूण नाही, वळल्याची नाही. नुसतं पुढचं पाऊल नसायचं.

रविवारी दुपारी विंडहुक शहरातलं एक जोडपं त्या पावलांवरून चालत क्रूस बघायला गेलं. बाई परत येऊन म्हणाली, "किती शांत आहे हो इथं." मी म्हटलं, "हो ना."

घरी आई मक्याची उकड कालवत होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "पहाटे कोण चालत होतं गं?"

"कुठं?"

"मोटारी लागतात तिथं. चाल ओळखीची वाटली."

"तरस असेल, आई."

"तरसाला दोन पाय कधीपासून?" ती म्हणाली, आणि पुढं काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्यानं मी जास्त घाबरले. आई संशय आला की भांडते. ती गप्प बसली म्हणजे तिनं मनात काहीतरी ठरवलेलं असतं.

५

सोमवारी मी फेस्टससमोर जाऊन उभी राहिले. चहाचा तो बहाणा सोडला तर चार वर्षांत त्याच्यावर आवाज न चढवता मी पहिल्यांदाच बोलत होते.

"फेस्टस, त्या दिवशी काय झालं ते खरं सांग. तुला मी काही करणार नाही."

त्यानं फाटकाची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "आमिष आणायला गेलो नव्हतो मी. गाडीत झोपलो होतो. आदल्या दिवशी पिऊन आलो होतो, आणि हे पोलिसांना सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"एवढंच?"

"एवढंच असतं तर तुला कधीच सांगितलं असतं आउसी, शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळा झालो असतो." त्यानं दोरी सोडली. "गॉटलीबच्या आवाजानं मला जाग आली. तो वर क्रूसापाशी होता. धुकं होतं, दिसत नव्हता. कुणाशी तरी बोलत होता. हसत होता. म्हणत होता, तसं नाही, तसं नाही, परत चाल. पोराला शिकवतात ना, तसं."

"आणि दुसरा काय म्हणत होता?"

"दुसऱ्याचा आवाज नव्हताच. मला वाटलं, पाहुण्यांचं मूल असेल. पण त्या दिवशी एकही गाडी आली नव्हती. फाटक मीच उघडतो ना. मग तो म्हणाला, आता बरोबर. आणि नंतर काही नाही."

इतकी वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात फासावर चढवलं होतं, तो माझ्यासमोर बाही डोळ्यांना लावून उभा होता. मला लाज वाटली. तसं मी त्याला सांगितलंही.

"ते राहू दे," तो म्हणाला. "ओउमाला इथून हलव." माझ्या आईला सगळा किनारा ओउमाच, म्हणजे आजीच, म्हणायचा.

ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावात जाऊन त्याच्या मेहुण्याची गाडी आणेल आणि चार वाजेपर्यंत आम्हा दोघींना घेऊन निघेल. आईला मी डोळ्यांच्या दवाखान्याचं निमित्त सांगितलं. तिनं हो म्हटलं. इतक्या सहज हो म्हटलं की मी रात्रभर तिच्या खाटेशी बसून राहिले.

६

मंगळवारी धुकं उठलंच नाही. फेस्टस सातला गेला. पावलं बघायला मी गेले नाही. दार लावलं, कडी घातली, पिठाचं पोतं दाराला टेकवलं आणि आईचं गाठोडं बांधलं. आई खुर्चीत बसली होती, दाराकडं तोंड करून. तिनं चांगला झगा घातला होता, पाहुणे यायचे असले की घालते तो.

"दवाखान्यात जायला एवढा नट्टापट्टा?" मी थट्टा करायचा प्रयत्न केला.

"एल्फ्रीडा, तू लहानपणापासून खोटं बोलताना भराभर बोलतेस," ती म्हणाली.

तीनच्या सुमाराला पत्र्याच्या छपरावर धुक्याचं पाणी टपटपायचं थांबलं आणि बाहेर पाऊल वाजलं. खारट पापुद्रा मोडतो तसा चुरचुर आवाज. जड. मग हलकं, आणि त्यामागं घासल्याचा. जड. हलकं, घासलं. आईची मान वर झाली.

पावलं दाराशी थांबली.

आमच्या दाराला खाली चार बोटं फट होती आणि उंबऱ्यापाशी फळी फुटलेली होती. मी जमिनीला गाल लावून बघितलं. पाय गॉटलीबचे होते. तुटलेल्या करंगळीचा वण, टाचेच्या भेगा, अंगठ्याचं पिवळं नख, तीळभरही चूक नव्हती. मी आयुष्यभर लोकांचे पाय वाचत आले, मला काढायला एकही खोड सापडली नाही. आणि मला रडू आलं, कारण ते पाय मला हवे होते.

मग त्यानं दार चाचपायला हात खाली आणला. फुटक्या फळीतून मला तो हात दिसला. त्याला नखं नव्हती. तळवा कुठला आणि पाठ कुठली कळत नव्हतं, दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत. बोटं होती, पण किती असावीत याचा अंदाज नसल्यासारखी, कमी-जास्त. हाताचा माग पडत नाही. हाताबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी मागं सरकले आणि आईचे दोन्ही खांदे धरले.

"आई," बाहेरून आवाज आला. पुरुषाचा होता, बरा होता, पण कोरा, कधी न वापरलेल्या भांड्यासारखा. "आई."

मी आईच्या कानात म्हणाले, "हा तो नाही. मी बघितलंय. एक शब्द बोलू नकोस, तुझ्या पाया पडते. आपण बोललो की ते शिकतं. फेस्टस येईपर्यंत कळ काढ, तासभराचा प्रश्न आहे."

"ठाऊक आहे मला तो नाही," आई तेवढ्याच हळू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. गॉटलीब घराकडं येताना धावत यायचा. कधी चालत आला तो?"

"मग?"

"मग काय. चार वर्षं इथं बसलेय, एल्फ्रीडा. दुसरं कोण आलं?"

मी तिचं तोंड दाबायच्या आत ती दाराकडं वळून बोलली, आम्हाला अंगणात माग शिकवताना बोलायची तशी, शांत, न रागावता. "आई नाही रे. आई म्हणत नव्हतास तू मला कधी. सगळ्या जगासमोर नावानं हाक मारायचास, लेना म्हणून. मार खायचास तरी लेनाच म्हणायचास."

"लेना," ते म्हणालं.

कोरेपणा गेला होता. शेवटचा स्वर गॉटलीब लांबवायचा तसा, लाडात आल्यासारखा, लांबला होता. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून हसली आणि तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कितीतरी दिवसांत मी तिला असं सुखात बघितलं नव्हतं. तिनं उठून पिठाचं पोतं बाजूला सारायला घेतलं. ऐंशीची म्हातारी, पोतं हलेना. मी तिला आवरत होते आणि घड्याळाकडं बघत होते. साडेतीन. अर्धा तास. अर्धा तास गप्प बसणं एवढंच काम होतं, आणि मी ते करणार होते. माझ्यावर माझा भरवसा होता.

तेव्हा ते म्हणालं, "एल्फ्रीडा."

आई थांबली. तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं आणि वाट बघत राहिली.

गॉटलीबनं मला जन्मात एल्फ्रीडा म्हटलं नव्हतं. त्यानं मला एक नाव ठेवलं होतं, घाणेरडं, चिडवायचं, लहानपणच्या एका फजितीवरून ठेवलेलं. त्या नावावरून मी त्याला बडवलं होतं, त्याच्याशी महिना महिना अबोला धरला होता. जगात ते नाव फक्त तोच घ्यायचा. चार वर्षं मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

मी ओठ दाताखाली धरले. रक्ताची चव आली तरी धरून ठेवले. दूर मिठागराच्या रस्त्यावर गाडीचा आवाज येऊ लागला होता, फेस्टसच असणार, लवकर निघाला असणार.

"एल्फ्रीडा," ते पुन्हा म्हणालं, अगदी चुकीचं.

मी गुडघ्यांवर बसले, दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि ते नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा सावकाश, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.